हिरव्या राहिलेल्या दिव्याबाबत खुलासा

पाणी आणि हुकूम या दोन गोष्टी नेहमी वरून खाली येतात. खालून वर जातात त्या तक्रारी, आणि म्हणूनच त्यांना पोचायला वेळ लागतो. हे सत्य एकदा नीट पचवलं की आपल्या इंटरनेट कंपनीच्या कामकाजात न समजण्यासारखं काही उरत नाही.

साहेब, आज सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी, पाऊस पडत असताना, मागच्या गल्लीतल्या सगळ्या घरांचे दिवे आपल्या फलकावर रीतीप्रमाणे लाल झाले, म्हणजे इंटरनेट बंद पडलं. घर क्रमांक बेचाळीसचा दिवा मात्र हिरवाच राहिला. तो का राहिला, याचा लेखी खुलासा आपण मागवला आहे. तो सादर करतो. घर क्रमांक बेचाळीस माझंच आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर आपण म्हणाल, नोंद-कारकून असून लपवून ठेवलं.

आणखी एक. त्या घरात या घडीला माझी बायको इंटरनेटवर परीक्षा देत बसली आहे. वेळ अकरा ते दोन. चष्म्याचा नंबर तपासण्याच्या परवान्याची परीक्षा. तिसरी संधी आणि शेवटची. चौथी देत नाहीत. आपण लाइन तोडण्याच्या आदेशावर सही केलीत की आपले लाइनमन शिडीकाका खांबावर चढतील, लाइन तोडतील आणि परीक्षा तिथल्या तिथे आटोपेल. (ही माहिती केवळ खुलासा परिपूर्ण व्हावा म्हणून. तिचा आपल्या निर्णयावर परिणाम होऊ नये, आणि आपल्याला ओळखणारा कोणीही सांगेल की होणारही नाही.)

आता पार्श्वभूमी. आपण या कार्यालयात आलात त्याला अकरा वर्षं झाली, पण कामाच्या व्यापामुळे आपल्याला पावसात खिडकीबाहेर बघायला सवड मिळालेली नाही. म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

घरात जाणारी केबल खांबावरच्या डबीतून निघते, भिंतीपर्यंत येते आणि भोकातून आत शिरते. या प्रवासात तिला दोन सांधे असतात, एक डबीत आणि एक भोकाच्या आतल्या बाजूला. सांध्यात पाणी शिरलं की इंटरनेट बंद पडतं. सांधा वाळला की चालू होतं. शास्त्र एवढंच आहे. बाकी सगळं प्रशासन आहे.

पाऊस सुरू झाला की लोक तक्रार नोंदवतात. तक्रारीला मी क्रमांक देतो. पावसात खांबावर चढायला बंदी आहे. (पूर्वी नव्हती. एकदा एक लाइनमन घसरला आणि खाली उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाच्या अंगावर पडला. लाइनमनला काही झालं नाही. पर्यवेक्षकाला मुका मार बसला आणि दुसऱ्या दिवशी नियम निघाला.) त्यामुळे आपला माणूस पाऊस थांबून खांब वाळल्यावर जातो. खांब वाळतो तोवर सांधाही वाळलेला असतो. आपला माणूस घरात जातो, इंटरनेट चालू असल्याचं बघतो, 'दोष आढळला नाही' असं लिहितो आणि खाली ग्राहकाची सही घेतो. मी शिक्का मारतो, 'निवारण झाले'. एक खिळा नाही, एक हातोडी नाही. इतकं स्वच्छ काम दुसऱ्या कुठल्या खात्यात होत असेल असं मला वाटत नाही.

गेल्या वर्षी ओल्या हवेतल्या तक्रारी आल्या तीन हजार नऊशे बारा. निवारण झालं तीन हजार नऊशे दहांचं. उरलेल्या दोघांनी घर बदललं. एका तक्रारीच्या निवारणाला सरासरी तीन तास बारा मिनिटं लागली. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे पावसाच्या सरीही सरासरी तेवढाच वेळ टिकल्या, पण आकडे जुळतात म्हणून कोणाचं श्रेय कमी होत नाही. त्याबद्दल आपल्याला ढाल मिळाली, ती आपल्या मागच्या कपाटावर आहे. त्याआधी एक वर्ष पाऊसच कमी झाला होता. तेव्हा तक्रारी कमी आल्या, निवारणं कमी झाली आणि कार्यक्षमता का घसरली म्हणून मुख्य कार्यालयाचं कडक पत्र आलं होतं. 'पुढील वर्षी सुधारणा होईल' असं उत्तर आपण पाठवलंत. आणि झाली की हो, चांगली धो धो झाली.

ग्राहक मात्र समजून घेत नाहीत. म्हणतात, पाऊस पडत असताना या आणि बघा. त्यांना नियम दाखवावा लागतो. मग ते डोकं लढवतात. एका गृहस्थांनी आपला माणूस यायच्या वेळेला गच्चीवरून सांध्यावर बादलीभर पाणी ओतलं. इंटरनेट बंद पडलं, ग्राहकाने स्वतः बिघाड केल्याचं सिद्ध झालं आणि तक्रार निकाली निघाली. सोळा नंबरच्या आजी त्यांच्याहून हुशार. त्यांनी पाऊस थांबल्यापासून सांध्यावर ओलं फडकं धरून ठेवलं, तेही काठीला बांधून, चांगलं तीन तास. आपला माणूस आला, त्याने वर बघितलं आणि लिहिलं, 'सांधा ओला असल्याने चढता आले नाही. वाळल्यावर येऊ.' आजींचे हात भरून आले तेव्हा त्यांनी काठी खाली ठेवली. पाऊण तासाने त्यांचं निवारण झालं.

मग निघालं छत्रीचं प्रकरण. गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान आहे. त्याने एक जुनी छत्री घेतली आणि खांबावरच्या आपल्या डबीवर सुतळीने बांधून टाकली. त्यानंतरच्या पावसात शेजारीपाजारी सगळे लाल आणि शिंपी हिरवा. दुसऱ्या दिवशी गल्लीतली बारा घरं कार्यालयाच्या दारात, आम्हालाही छत्री द्या म्हणून. अशी मागणी एकदा मान्य केली की लोक सोकावतात. उद्या म्हणतील, इंटरनेटही द्या. तेव्हा आपण परिपत्रक काढलंत की छत्री हे परकं उपकरण समजावं. त्याच परिपत्रकात पुढचं कलम आहे: पावसात चालू राहणारं कनेक्शन संशयास्पद मानावं, नोंद-कारकुनाने पंधरा मिनिटांच्या आत कळवावं आणि चौकशी होईपर्यंत लाइन तोडावी. मला हे कलम फार आवडतं. सगळ्यांचं सारखंच बंद असलं की कुणाच्या पोटात दुखत नाही.

या कलमाखालीच आज घर क्रमांक बेचाळीसची बाब उपस्थित झाली आहे. वास्तविक लाइन इथूनच बटण दाबून बंद करायची सोय आहे, पण ते बटण गेल्या पावसाळ्यापासून चालत नाही. (त्याच्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे.) म्हणून शिडी.

आता मूळ मुद्दा, म्हणजे झोळ. ही वस्तू आपण एकदा पाहिली आहे, पण तेव्हा आपल्याला तिचं नाव माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी एका उन्हाच्या दिवशी आपण गाडीतून उतरलात, मान वर केलीत आणि म्हणालात, "हे काय लोंबतंय?" आपण तीनच शब्द बोललात आणि केबिनमध्ये गेलात. त्या तीन शब्दांचं पुढे 'सरळ केबल अभियान' झालं. लोंबत होता तो झोळ. पूर्वी प्रत्येक घरापाशी केबल भोकाच्या हातभर खाली सोडायचे आणि मग पुन्हा वर घेऊन भोकात घालायचे. का, ते कोणाला माहीत नव्हतं. आधीच्यांनी केलं म्हणून नंतरचे करत होते. शिडीकाकांना माहीत होतं. त्यांची खांबावर एकतीस वर्षं गेली आहेत. पण त्यांचं काम चढायचं आहे, सांगायचं नाही, म्हणून त्यांना कोणी विचारलं नाही.

अभियानात दोन महिन्यांत सगळ्या घरांचे झोळ काढले. घरामागे दीड हात केबल वाचली. खांबापासून भोकापर्यंत केबल कशी ताठ झाली, बघत राहावं. गल्लीत शिरलं की छाती भरून यायची. वाचलेली केबल गोदामात नेली. तिथे ठेवायला जागा नसल्यामुळे ती छताला झोळ देऊन टांगली आहे.

त्याआधी पावसाळी तक्रारी वर्षाला जेमतेम तीनशे यायच्या. अभियानानंतर त्या तेरापट झाल्या, आणि अर्थातच निवारणंही तेरापट झाली. ढाल काही उगाच मिळत नाही.

आता घरची बाब. माझी बायको गेली नऊ वर्षं चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवते, भिंग लावते, भिंग काढते, हे बरं की मघाचं बरं विचारते आणि नंबर लिहिते. कागदावर सही मालकांची, कारण परवाना त्यांचा. (मालकांना स्वतःची सही वाचायला चष्मा लागतो. त्याचा नंबर हिनेच काढून दिला आहे.) स्वतःचा परवाना मिळवायचा तर ही परीक्षा. ती नोंदवलेल्या घरच्या कनेक्शनवरूनच द्यावी लागते, दुसरीकडून चालत नाही. कॉपी होते म्हणे. समोर कॅमेरा असतो. खोलीत दुसरा चेहरा दिसला की परीक्षा रद्द. दोन मिनिटांहून जास्त वेळ कनेक्शन गेलं तरी रद्द. आणि परीक्षा ठेवणारे ती दर वर्षी नेमकी भर पावसाळ्यात ठेवतात. ते आपल्याच विचारांचे लोक असावेत.

पहिल्या वर्षी चाळिसाव्या मिनिटाला सर आली. 'उमेदवार परीक्षागृह सोडून गेला' असा निरोप आला. उमेदवार खुर्चीवरून हललाही नव्हता. दुसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, दोन तास दहा मिनिटं सगळं सुरळीत होतं. शंभरातले एक्क्याऐंशी प्रश्न सोडवून झाले होते. मग फलकावर गल्ली वरच्या टोकापासून लाल होत आली आणि बेचाळीसही लाल झालं. मी इथेच या टेबलाशी बसलो होतो. तिची तक्रार आली, मी क्रमांक दिला. संध्याकाळी पाऊस थांबला, ऊन पडलं, दिवा हिरवा झाला, मी शिक्का मारला.

घरी गेलो तेव्हा ती त्याच खुर्चीवर बसून होती. म्हणाली, "माझी तक्रार तुम्हीच बंद केलीत?"

मी म्हटलं, "हो. पाच वाजून सहा मिनिटांनी."

"बरं," म्हणाली आणि उठून कामाला लागली.

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. भांडली असती तर निभावून नेलं असतं. तेवीस वर्षं तक्रारी ऐकतो आहे, मला सवय आहे. पण त्या 'बरं'ला क्रमांक कुठला द्यायचा? मला फार वाईट वाटलं. खुलाशात भावना घालू नयेत हा संकेत मला ठाऊक आहे, पण वाटलं ते वाटलं. त्याच महिन्यात सर्वांत जलद निवारणाचं प्रशस्तिपत्र मला मिळालं. ते तिने भिंतीवर लावू दिलं नाही. कपाटाच्या मागे आहे.

त्यानंतर तिने काही महिने पुस्तकाला हात लावला नाही. एक दिवस शिडीकाका तिच्या दुकानात डोळे तपासायला आले. त्यांना दोन वर्षांपासून एका खांबाचे दोन खांब दिसत होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, दोघांतला जो जाड दिसेल त्यावर ते चढत असत आणि अंदाज सहसा चुकत नसे. (सहसा म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही आणि मीही इथे नोंदवत नाही.) भिंगं बदलता बदलता बोलणं निघालं. मॅडमचा नवरा आपल्याच कार्यालयात आहे हे कळलं, परीक्षेचं कळलं. तेव्हा शिडीकाका म्हणाले, "पाणी आळशी असतं ताई. उतार मिळाला की केबलीवरून चालत सरळ घरात येतं. त्याला जरा वर चढायला लावा, ते तिथेच हात टेकतं."

त्यांचं एवढंच म्हणणं होतं. झोळ कशासाठी असतो, ते आपल्या कंपनीला एकतीस वर्षांत कळलं नाही आणि तिला डाव्या डोळ्याचा नंबर काढेपर्यंत कळलं. संध्याकाळी घरी आली ती थेट खिडकीत गेली आणि मान वाकडी करून बाहेर बघत बसली. मग मला म्हणाली, "अहो, तुमच्या कंपनीने माझी दोन वर्षं भिंतीतून आत ओतली." मी म्हटलं, अधिकृतपणे तसं म्हणता येणार नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी अधिकृतपणे गप्प बसलो.

पुढचा रविवार कोरडा होता. केबल बसवणाऱ्याने मागे आळसापोटी कापायची सोडलेली दोन हातांची गुंडाळी आमच्या कपाटामागे होती, त्या प्रशस्तिपत्राशेजारीच. (कामचुकारपणाचा असा उपयोग झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.) ती तिने बाहेर सरकवली, खिडकीतून हात घालून भिंतीवरचे दोन खिळे ढिले केले, केबल भोकाच्या हातभर खाली सोडली आणि पुन्हा वर घेतली. खांबावरच्या डबीला हातही लावला नाही. तिथे आमच्या लाइनचा सांधा खालच्या बाजूला आहे, तो निदान पडत्या पावसात भिजत नाही. एकूण वेळ अकरा मिनिटं. मी स्टूल धरलं होतं. स्टूल धरणं हा नियमभंग होतो किंवा कसे, हे आपण ठरवावं.

आता आजचा दिवस. अकराला पाच कमी असताना ती बसली. माझी आई स्वयंपाकघरात, दार लावून. चेहरा दिसू नये म्हणून तिने सकाळपासून डोक्यावरून चादर घेतली आहे. दार बंद असताना चादरीची गरज नाही असं मी म्हटलं, तर म्हणाली, तुमच्या कॅमेऱ्यांचा काय भरवसा. मी कार्यालयात आलो. अकरा वाजून पाच मिनिटांनी पाऊस आला, तोही असा की समोरचा खांब दिसेना. फलकावर गल्ली लाल होत निघाली. अडतीस गेलं. चाळीस गेलं. एक्केचाळीस गेलं. त्रेचाळीस गेलं.

बेचाळीस हिरवं.

मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. शिपायाने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, पाठ धरली. खरं तर मला ओरडावंसं वाटत होतं. चार वर्षांत, दोन परीक्षांत आणि हजारो निवारणांत जे झालं नाही ते एका बाईने दोन हात केबलीत केलं होतं, आणि ती माझी बायको होती. पण मी नोंद-कारकून आहे. कलमाप्रमाणे पंधरा मिनिटांत कळवायचं होतं. मी चौदाव्या मिनिटाला कळवलं. आपण ताबडतोब आदेश तयार करायला सांगितलात, शिडीकाकांना खांबाकडे पाठवलंत आणि माझ्याकडून खुलासा मागितलात. आपल्या तत्परतेबद्दल दुमत नाही.

मात्र पाऊस चालू होता, आणि ओल्या खांबावर चढायला बंदी आहे. ज्या नियमाने तिची दोन वर्षं खाल्ली तोच आज तिच्या दारात राखणीला बसला. पाऊस थांबावा असं मला तेवीस वर्षं वाटत आलं आहे; ते माझं कामच आहे. आज पहिल्यांदा मी खिडकीशी उभा राहून, पडू दे रे बाबा, दोनपर्यंत पडू दे, असं म्हणत होतो. तो एक वाजून दहा मिनिटांनी थांबला. थांबला तर थांबला, वर लख्ख ऊन पडलं. पाऊस आपल्या कंपनीच्या नोकरीत नाही, हे मला तेव्हा फार जाणवलं.

नियमाप्रमाणे खांब तीन ठिकाणी हात लावून तपासायचा असतो: खाली, मध्ये आणि वर हात पोचेल तिथे. सव्वा वाजता शिडीकाकांचा फोन आला, खालचा भाग कोरडा. मी विचारलं, हात कोरडा होता का? ओल्या हाताला कोरडं काय आणि ओलं काय, सारखंच लागतं. त्यांना ते पटलं. ते शिंप्याकडे जाऊन फडकं मागून हात पुसून आले. मग मधला भाग. तो तपासण्याआधी त्यांनी नवा चष्मा काढून पुसला, कारण आता खांब एकच दिसतो आणि तो नीट दिसावा असं त्यांना वाटतं. एक वाजून एकोणतीस मिनिटांनी त्यांनी कळवलं, तिन्ही ठिकाणी कोरडा. माणूस प्रामाणिक आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाचं मला आज पहिल्यांदाच वाईट वाटलं.

तर आता परिस्थिती अशी आहे. शिडी खांबाला लागली आहे. शिडीकाका एक पाय पहिल्या पायरीवर ठेवून फोनची वाट बघत आहेत. आदेश या खुलाशाच्या खाली टाचलेला आहे. छत्रीच्या परिपत्रकातच आपण घालून दिलेली पद्धत आहे की संबंधिताचा खुलासा अथपासून इतिपर्यंत वाचावा, प्रत्येक पानाखाली 'वाचले' असा शेरा मारावा आणि मगच आदेशावर सही करावी, म्हणजे उद्या कोणी घाई केली म्हणायला नको. आपण पद्धत कधी मोडत नाही. त्यासाठी आपल्याला सगळे मानतात.

राहता राहिला स्टुलाचा तपशील. स्टूल लाकडी आहे. उंची माझ्या गुडघ्यापेक्षा चार बोटं जास्त. पाय चार, त्यांपैकी एक आखूड. त्याखाली आम्ही घडी केलेला पुठ्ठा घालतो. पुठ्ठा बुटांच्या खोक्याचा आहे. बूट माझे होते, ते आता नाहीत. बसायची फळी मूळची चौकोनी असावी, पण कडा झिजल्यामुळे आता तिला नक्की काय म्हणावं हा प्रश्न आहे. स्टुलाला पूर्वी निळा रंग होता आणि त्याखाली पिवळा, असं खरवडल्यावर दिसतं. त्याखालीही एखादा रंग असण्याची शक्यता नाकारता येत नाही; आवश्यकता वाटल्यास अधिक खरवडून पुरवणी अहवाल देता येईल. स्टूल माझ्या सासऱ्यांनी दिलं. त्यांना ते कोणी दिलं, याबाबत घरात दोन मतं आहेत. पहिलं मत माझ्या सासूबाईंचं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते एका सुताराने घडवलं, पण सुताराने की त्याच्या भावाने हे त्यांना निश्चित आठवत नाही. दुसरं मत सासऱ्यांचं होतं. त्यांच्या मते सुताराला भाऊच नव्हता.

साहेब, वरील स्टुलाचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही. ते पान मी दुपारी बारा वाजताच लिहून ठेवलं होतं. पाऊस याहून लवकर थांबला असता तर आमच्या जेवणाच्या टेबलाचंही एक पान तयार होतं.

गेली अकरा वर्षं मी आपल्यासमोर कागद ठेवतो आहे. आपण एका पानाला साडेतीन मिनिटं घेता, मध्ये चहा आला तर चार. हा खुलासा आपल्या टेबलावर एक वाजून बत्तीस मिनिटांनी ठेवला. पानं आठ. झोळ बायकोने घातला आणि स्टूल मी धरलं, एवढीच कबुली द्यायची होती आणि ती दोन ओळींत मावत होती. दोन ओळी दिल्या असत्या तर आपण एक पस्तीसलाच सही केली असतीत. म्हणून पानं दिली, आणि आपण ती वाचत गेलात. कशासाठी वाचतो आहोत हे आपल्याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, कारण हातात कागद होता आणि त्याला पुढचं पान होतं.

माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होईल, ती योग्यच असेल. दोन वाजून गेले आहेत. पेपर जमा झाला. आता खुशाल सही करा.